लग्नाचे फोटो फक्त घरच्यांनाच दिसावेत : फुकटातली कुठली साइट धरावी?

येळ्ळूरची_ताई (सोमवार, संध्याकाळी ७:१०)

मंडळी, भावाच्या लग्नाचे फोटो पेनड्राइव्हमध्ये आलेत. दोन कॅमेऱ्यांचे मिळून १,८६० फोटो, सगळे जेपीजी, एकेक ९ ते ११ एमबीचा. पाव्हणे चंदगड, गडहिंग्लज, मडगाव, पुणे असे पसरलेले. वहिनींचं माहेर बैलहोंगलचं, तिकडच्यांच्या फोनवर सगळं कन्नडमध्ये. साधारण ४० घरं धरा.

अट एकच. हळदीचे आणि लहान पोरांचे फोटो आहेत, ते गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरता कामा नयेत. दर महिन्याला पैसे भरायचे नाहीत. काहींना छापायला मोठे फोटो लागतील. कुठली साइट बरी, आणि नेमकं काय काय करायचं ते सांगा.

मार्कंडेय (सोमवार, ७:४५)

ताई, साइटचं नाव शेवटी ठरवू. आधी दाराला कुलूप कुठलं लावायचं ते ठरवा, कारण 'प्रायव्हेट' या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

बहुतेक फुकट साइटींवर 'प्रायव्हेट' म्हणजे नुसती लांबलचक लिंक. यादीत दिसत नाही, शोधून सापडत नाही, पण ज्याच्या हातात लिंक पडली त्याला दार सताड उघडं. मामींनी ती लिंक त्यांच्या भिशीच्या ग्रुपवर टाकली की तिथल्या सगळ्यांना हळद दिसणार. तुम्हाला कळणारही नाही, कारण बघणाऱ्याला कुठं लॉगिनच करावं लागत नाही. याला खाजगी म्हणू नये. फार तर आडोसा म्हणा.

दुसरं कुलूप म्हणजे लिंकला पासवर्ड. लिंक एका वाटेनं पाठवली आणि पासवर्ड फोनवर सांगितला तर बरं काम होतं. पण ही सोय बऱ्याच मोठ्या साइटींनी पैसेवाल्या खात्यांसाठी राखून ठेवलीय. शिवाय लोक पासवर्ड लिंकच्या खालीच चिकटवून पुढं ढकलतात.

तिसरं म्हणजे नावानिशी परवानगी. अमुक ईमेलच्या माणसानं स्वतःच्या खात्यातून लॉगिन केलं तरच फोटो दिसणार. लिंक दुसऱ्याकडं गेली तरी त्याला बंद दारच दिसतं. तुमच्या अटीला हेच लागू पडतं. यात तुमचा एकदाच थोडा जीव जाईल, ४० ईमेल गोळा करायला.

एक मात्र कुठल्याही साइटीनं होत नाही. बघणाऱ्यानं स्क्रीनशॉट काढला तर त्याला अडवता येत नाही. डाउनलोडचं बटण लपवलं म्हणजे फोटो सुरक्षित झाला असं कुणी धरून चालू नये. म्हणून जे फोटो पंधरा जणांनीच बघायचेत ते पंधरा जणांनाच दाखवा. चाळीस घरांच्या अल्बममध्ये ते घालूच नका.

निपाणीकर (सोमवार, ८:२०)

हिशोब मांडतो. १,८६० फोटो गुणिले १० एमबी म्हणजे १८,६०० एमबी, साधारण साडेअठरा जीबी. गूगल फुकटात १५ जीबी देतं, आणि त्यात जीमेल, ड्राइव्ह, फोटोज तिन्ही आले. म्हणजे मूळ फाइली मावतच नाहीत. मायक्रोसॉफ्टचं वनड्राइव्ह ५ जीबी, ॲपलचं आयक्लाउड ५, ड्रॉपबॉक्स २, मेगा २०.

आणि १५ जीबी काठोकाठ भरलं की त्या खात्यावर मेल येणं-जाणंही बंद होतं. बँकेचं, कॉलेजचं मेल ज्या जीमेलवर येतं त्यात लग्न ओतू नका. वेगळं खातं काढा.

मुळात मूळ फाइली चढवायची गरजच नाही. फोन, टीव्ही, लॅपटॉपवर बघायला लांब बाजू २,५६० पिक्सेल भरपूर झाली. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा असेल तर मूळ फोटो ६,००० बाय ४,०००. तो २,५६० वर आणून जेपीजीची क्वालिटी ८५ ठेवली की एक ते दीड एमबीत बसतो. १,८६० फोटो मिळून अडीच जीबीच्या आसपास. सगळा प्रश्नच हलका झाला.

विंडोजवर इरफानव्ह्यू हे फोटो बघायचं-बदलायचं सॉफ्टवेअर उघडा, घरगुती वापराला फुकट आहे. फाइल मेनूत 'बॅच कन्व्हर्जन' घ्या. उजवीकडून सगळे फोटो खालच्या यादीत टाका. आउटपुट जेपीजी, 'ऑप्शन्स'मध्ये क्वालिटी ८५. 'ॲडव्हान्स्ड'मध्ये रिसाइझला खूण करून लांब बाजू २,५६०. आउटपुट फोल्डर वेगळा द्या. यात चूक झाली तर मूळ फोटोंवरच बारके फोटो लिहिले जातात आणि मग परतीची वाट नाही. म्हणून पेनड्राइव्हवर थेट काम करू नका. आधी अख्खा पेनड्राइव्ह लॅपटॉपवर कॉपी करा.

दुसरी गोष्ट, दोन कॅमेरे म्हणजे फाइलींची नावं आदळणार. दोन्हींत एकाच क्रमांकाचा फोटो असू शकतो. दोन वेगळे फोल्डर करा, आणि बॅच करतानाच नावाच्या पुढं 'क' आणि 'ख' असं काहीतरी जोडून घ्या.

शहापूर_पेठ (सोमवार, ९:०५)

निपाणीकरांच्या हिशोबाला धरून सांगतो : गूगल फोटोज घ्या. कारण सरळ आहे, चाळीसपैकी बहुतेक घरांत अँड्रॉइड असणार आणि अँड्रॉइडवर हे ॲप आधीच असतं. नवीन ॲप टाकायला सांगितलं की निम्मे पाव्हणे तिथंच गळतात.

कृती अशी. नवीन खात्यानं संगणकाच्या ब्राउझरमध्ये गूगल फोटोज उघडा. सेटिंग्जमध्ये अपलोडची क्वालिटी 'ओरिजिनल' ठेवा, कारण फोटो आपण आधीच बारीक केलेत, त्यावर पुन्हा त्यांचं दाबणं नको. (बारीक न करताच चढवणार असाल तर 'स्टोरेज सेव्हर' घ्या. तो १६ मेगापिक्सेलपर्यंत आणतो. पण १ जून २०२१ पासून तोही १५ जीबीत मोजला जातो, पूर्वीसारखा अमर्याद राहिलेला नाही.)

अल्बम वेगवेगळे करा : 'अक्षता', 'रिसेप्शन', आणि 'घरातले' या नावाचा हळद-पोरांचा. एका सामायिक अल्बमला २०,००० फोटोंची मर्यादा आहे, तुमचा तिच्याशी संबंध येत नाही.

आता नाजूक जागा. अल्बम उघडून 'शेअर' दाबलं की 'लिंक तयार करा' असं मोठं बटण समोर येतं आणि बोट आपसूक तिकडं जातं. ते दाबायचं नाही. त्याऐवजी शोधायच्या पट्टीत माणसाचं जीमेल टाइप करून एकेक जण जोडायचा. जोडून झालं की अल्बमच्या तीन टिंबांत 'ऑप्शन्स' उघडा आणि तीन खुणा बघा. 'लिंक शेअरिंग' बंद. 'कोलॅबोरेट' बंद, म्हणजे दुसरं कुणी त्यात फोटो घालणार नाही. फोटोचं ठिकाण दाखवायची खूण असेल तीही बंद.

'रिसेप्शन' अल्बम कुणीही बघितला तरी चालत असेल तर त्याला लिंक ठेवा. फक्त एक ध्यानात घ्या, लिंक व्हॉट्सॲपवर टाकली की तिच्याबरोबर अल्बमचं नाव आणि मुखपृष्ठाचा फोटो चौकटीत उमटतो, न उघडताच. तेव्हा मुखपृष्ठाला तोरण, रांगोळी, मांडवाचा फोटो लावा. माणसांचा नको.

येळ्ळूरची_ताई (सोमवार, ९:३०)

उपयोगी माहिती. दोन अडचणी : निम्म्या लोकांना 'तुमचा ईमेल काय' विचारलं तर 'माझ्याकडं ईमेल नाही' म्हणतात. आणि कन्नड फोनवाल्यांना मी फोनवरून कसं समजावू?

घटप्रभा (सोमवार, ९:५०)

अक्का, ईमेल नाही असं नसतंय. प्ले स्टोअरमधनं ॲप घेतलंय म्हणजे त्या फोनवर गूगल खातं हायच. दुकानदारानं फोन देताना काढून दिलेलं असतं, मालकाला ठाऊक नसतं एवढंच.

प्ले स्टोअर उघडायला सांगा. वर उजव्या कोपऱ्यात गोल चित्र असतं, एखादं अक्षर किंवा फोटो. त्यावर बोट ठेवलं की नावाखाली जीमेल दिसतं. त्या पानाचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर मागवा. तोंडी सांगू देऊ नका, टिंब चुकलं तर चालून जातं पण अक्षर चुकलं तर आमंत्रण भलत्याच माणसाला जातं. गूगल टिंब मोजत नाही, आकडा-अक्षर मोजतं.

कन्नडचं म्हणाल तर भाषा बदलली तरी बटणाची जागा बदलत नाही. 'वर उजवीकडचा गोल', 'खालच्या ओळीतलं अमुक चित्र' असं जागेनं सांगा, नावानं नको. तुमच्याच फोनची भाषा पाच मिनिटं कन्नड करून स्क्रीनशॉट काढा आणि त्यावर लाल गोल करून पाठवा. सेटिंग्जमध्ये भाषा परत आणायची ओळ कुठं हाय ते आधी बघून ठेवा मात्र.

एका फोनवर दोन खाती असली तर घोटाळा होतो. आमंत्रण एका खात्याला आणि ॲप दुसऱ्या खात्यात उघडं. मग 'अल्बम दिसत नाही' म्हणून फोन येतो. गूगल फोटोजमध्येही त्याच वरच्या गोलावर बोट ठेवून खातं बदलायचं. दहातल्या सात तक्रारी याच निघतात.

खानापूर_रोड (मंगळवार, सकाळी ६:४०)

फ्लिकरचं कुणी नाव घेतलं नाही. तिथं फुकटात १,००० फोटो ठेवता येतात, आणि मित्र-कुटुंब असे वेगळे गट करायची सोय फार जुनी आहे.

मार्कंडेय (मंगळवार, ७:१५)

फ्लिकर छायाचित्रणाची हौस असणाऱ्यांना उत्तम, पण या कामाला नाही. १,००० ही एकूण मर्यादा आहे. २०२२ पासून फुकट खात्यावर खाजगी, मित्र आणि कुटुंब मिळून फक्त ५० फोटो. बाकीचे सगळ्या जगाला दिसणार. म्हणजे आपल्याला हवंय त्याच्या नेमकं उलट.

याच वर्गातल्या दुसऱ्या साइटी, इमगर, पोस्टइमेजेस, इमजीबीबी, या लिंकवर चालतात. इमजीबीबी ३२ एमबीपर्यंतचा फोटो घेतं आणि ठरावीक काळानं आपोआप पुसायची सोय देतं, म्हणून एखाद्याला एखादा फोटो दाखवायला बरं. पण नावानिशी कुलूप तिथं नाही. इमगरनं २०२३ मध्ये खात्याला न जोडलेले, जुने, कुणी न बघितलेले फोटो पुसायचं धोरण आणलं. फोटोबकेटनं २०१७ मध्ये बाहेरच्या पानांवर फोटो दाखवायला वर्षाला ३९९ डॉलर मागितले आणि जगभरच्या चर्चांमधल्या फोटोंच्या जागी 'खातं वाढवा' असं सांगणाऱ्या चौकटी आल्या. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, पिकासा २०१६ मध्ये. फुकट जागेचा मालक नियम बदलतो तेव्हा आपल्याला विचारत नाही. एवढ्यासाठी मूळ फोटो घरीच हवेत. साइट नुसती दाखवायची खिडकी.

चिकोडीकर (मंगळवार, ७:५५)

मेगाचा विचार करा ना. २० जीबी, म्हणजे मूळ १८.६ जीबी जशाच्या तशा बसतात. आणि एंड-टू-एंड एन्क्रिप्शन, कंपनीलासुद्धा फोटो दिसत नाहीत. लिंक आणि तिची किल्ली वेगवेगळी पाठवता येते, लिंक व्हॉट्सॲपवर, किल्ली एसएमएसनं.

मार्कंडेय (मंगळवार, ८:३०)

चिकोडीकर, कुलूप पक्कं आहे यात वाद नाही. पण तीन गोष्टी बघा. एक, किल्ली तुमच्याकडंच असल्यामुळं पासवर्ड विसरला आणि रिकव्हरी की जपून ठेवली नसेल तर कंपनीही फोटो परत देऊ शकत नाही. दोन, फुकट वापराला डाउनलोडची मर्यादा आहे. ती संपली की काही तास थांबा असा निरोप येतो, आणि तो मडगावच्या आत्याला येणार, तुम्हाला नाही. तीन, फोटो फोनच्या ब्राउझरमध्ये उलगडावे लागतात, दोन-तीन जीबी रॅमच्या जुन्या फोनवर ते रखडतं.

माझं मत : पाव्हण्यांना दाखवायला नको. पण छपाईसाठी तीन-चार जणांना मूळ फाइली पोचवायला मेगा चांगलं. तसंच एन्टे (Ente) नावाचं मुक्तस्रोत ॲप आहे, तेही एंड-टू-एंड. तिथं रिकव्हरी की २४ शब्दांची असते, ती कागदावर लिहून कपाटात ठेवायची.

शहापूर_पेठ (मंगळवार, ८:५०)

आयफोनवाल्यांसाठी जोड : ॲपलचा 'शेअर्ड अल्बम' ५,००० फोटो आणि १०० माणसं घेतो आणि तुमच्या ५ जीबीत मोजला जात नाही. फोटो लांब बाजूनं २,०४८ पिक्सेलवर येतो. सगळ्यांकडं आयफोन असेल तरच. आपल्याकडं एका घरात एक आयफोन आणि चार अँड्रॉइड, म्हणून जमत नाही.

मलप्रभा (मंगळवार, १०:१५)

ठिकाणाचं कुणी नीट सांगितलं नाही, म्हणून लिहिते. फोनवरच्या फोटोत तारीख-वेळेबरोबर जीपीएसही लिहिलेलं असू शकतं. घरी काढलेल्या हळदीच्या फोटोत तुमच्या घराचा अक्षांश-रेखांश, पार दारापर्यंत. फोटोवाल्याच्या मोठ्या कॅमेऱ्यात बहुधा जीपीएस नसतं. धोका पाव्हण्यांनी फोनवर काढलेल्या फोटोंचा जास्त.

तपासायला : गूगल फोटोजमध्ये फोटो उघडून बोट वर सरकवा, खाली नकाशा दिसला तर ठिकाण आहे. विंडोजवर फोटोवर राइट-क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, तिथं जीपीएसचा भाग दिसतो. त्याच चौकटीत तळाला माहिती काढून टाकायची ओळ आहे. ती उघडून 'हे गुण काढा' हा पर्याय घेऊन फक्त जीपीएसवर खूण करा.

'सगळंच काढा' करू नका. तारीख गेली की फोटो अपलोडच्या दिवसाखाली ढिगानं पडतात, अक्षतेच्या आधी पंगत आणि पंगतीच्या आधी वरात. इरफानव्ह्यूत जेपीजी सेव्हच्या पर्यायांत 'मूळ एक्झिफ ठेवा' अशी खूण आहे (एक्झिफ म्हणजे फोटोच्या फाइलीतच लिहिलेली तारीख-वेळेसारखी माहिती), निपाणीकरांची बॅच करताना ती असू द्या. हजारभर फोटोंचं जीपीएस एकदम काढायचं तर एक्झिफटूल नावाचं सॉफ्टवेअर आहे. ते मूळ फाइलीची प्रत शेजारी ठेवूनच बदल करतं.

व्हॉट्सॲपचं उलटं-सुलटं ध्यानात ठेवा. 'फोटो' म्हणून पाठवलं की ठिकाण-तारीख निघून जाते आणि फोटो दाबला जातो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवलं की फोटो जसाच्या तसा जातो, पण ठिकाणही बरोबर जातं.

येळ्ळूरची_ताई (मंगळवार, दुपारी १:०५)

हे माहीत नव्हतं. मग पाव्हण्यांच्या फोनमधले फोटो मागवायचे कसे? व्हॉट्सॲपवर मागवले तर छापण्याजोगे राहत नाहीत.

मलप्रभा (मंगळवार, १:४०)

वेगळा 'जमा' अल्बम करा, त्यात 'कोलॅबोरेट' चालू ठेवा, पण तोही नावानिशीच. पाव्हण्यांनी घातलेले फोटो त्यांच्याच खात्याच्या जागेत मोजले जातात, तुमच्या नाही. मात्र घातलेला माणूस नंतर अल्बम सोडून गेला तर त्याचे फोटोही अल्बममधून जातात. म्हणून हवे ते फोटो लगेच तुमच्या खात्यात 'सेव्ह' करून घ्या. सेव्ह केलं की ते तुमच्या जागेत धरले जातात, एवढा हिशोब ठेवा.

आणखी एक. आयफोनचे फोटो एचइआयसी प्रकारचे येतात, जुन्या विंडोजवर उघडत नाहीत. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, फॉरमॅट्स, 'मोस्ट कम्पॅटिबल' केलं की पुढचे फोटो जेपीजी येतात. आधीचे तसेच राहतात.

निपाणीकर (मंगळवार, संध्याकाळी ६:३०)

अपलोडबद्दल. तुमच्या लाइनचा अपलोडचा वेग १० एमबीपीएस धरला तर अडीच जीबीला अर्ध्या तासाहून थोडं जास्त लागतं, आणि मूळ साडेअठरा जीबीला चार तासांहून थोडं जास्त. 'एमबीपीएस'ला आठानं भागलं की एमबी मिळतात. १० म्हणजे सेकंदाला सव्वा एमबी. कंपनी जाहिरातीत बहुधा डाउनलोडचा वेग लिहिते. अपलोडचा तपासून बघा.

१,८६० फोटो एकदम ओढून टाकू नका. ब्राउझरचा टॅब अडकतो आणि कुठवर गेलं ते कळत नाही. दोनशे-तीनशेच्या घासानं चढवा. लॅपटॉपची झोप बंद करा, झाकण मिटू नका. करंट गेला की लॅपटॉप बॅटरीवर चालतो पण राउटर बंद पडतो, तिथं बारका यूपीएस असेल तर काम थांबत नाही. गूगल फोटोजमध्ये तीच फाइल पुन्हा टाकली तर तो सहसा दुहेरी घेत नाही, त्यामुळं अर्ध्यावर तुटलेला घास पुन्हा दिला तरी चालतो. ड्राइव्हमध्ये तसं नाही. तिथं एकाच नावाची फाइल आली की 'जुनी बदला' की 'दोन्ही ठेवा' असं विचारतो. म्हणून तर ते 'क' आणि 'ख'.

दोन कॅमेऱ्यांची घड्याळं वेगळी असतील तर क्रम विस्कटलेला दिसेल. दोन्हींत आलेला एकच क्षण शोधा, समजा मंगळसूत्राचा, आणि वेळेतला फरक बघा. मग ब्राउझरमधल्या गूगल फोटोजमध्ये एका कॅमेऱ्याचे सगळे फोटो निवडून तारीख-वेळ बदलायच्या पर्यायात 'शिफ्ट' घ्या आणि पहिल्या फोटोची वेळ दुरुस्त करा. बाकीचे त्याच फरकानं सरकतात. 'सगळ्यांना एकच वेळ' हा पर्याय चुकूनही नको.

खानापूर_रोड (मंगळवार, ७:२०)

छपाईला किती पिक्सेल लागतात?

निपाणीकर (मंगळवार, ७:३५)

इंचाला ३०० पिक्सेल धरा. ४ बाय ६ ला १,२०० बाय १,८००, म्हणजे २,५६० वाला बारीक फोटो चालतो. ५ बाय ७ लाही चालतो. ८ बाय १२ ला ३,६०० लागतात, तिथून पुढं मूळ फाइल द्या. १२ बाय १८ भिंतीवर लावायचा तर मूळच.

शहापूर_पेठ (मंगळवार, ८:१०)

ताई, मूळ फाइली मागणाऱ्या चार-पाच जणांसाठी ड्राइव्ह वापरा. निवडक शंभरेक फोटो म्हणजे एक जीबी. नवीन फोल्डर, त्यावर राइट-क्लिक, 'शेअर', 'जनरल ॲक्सेस'मध्ये 'रिस्ट्रिक्टेड', वर त्यांचं जीमेल, भूमिका 'व्ह्यूअर'. 'एडिटर' देऊ नका. एडिटर माणूस दुसऱ्यांना आत घेऊ शकतो आणि फाइली हलवू शकतो.

उतरवणाऱ्यांना सांगा : हे काम संगणकावर करा. ड्राइव्ह अख्खा फोल्डर झिप करून देतो, आणि मोठा असेल तर दोन-दोन जीबीचे तुकडे येतात. सगळे तुकडे उतरले की एकाच फोल्डरमध्ये उलगडायचे. एकच तुकडा उघडून 'निम्मे फोटो गायब' असं लोक म्हणतात ते यामुळं. गूगल फोटोजचा अल्बमही ब्राउझरमध्ये तीन टिंबांतून 'डाउनलोड ऑल' केला की झिप येतो.

चिकोडीकर (मंगळवार, ८:४५)

नवीन खातं काढताय तर ते दोघांच्या हातात ठेवा. रिकव्हरीचा फोन एकाचा, रिकव्हरीचा ईमेल दुसऱ्याचा. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा आणि बॅकअप कोड छापून घ्या, दहा कोड येतात, प्रत्येक आठ आकडी, एक कोड एकदाच चालतो. दुसरं सिम रिचार्ज न करता बंद पडू दिलं आणि खातं त्याच नंबरवर असेल तर आत जायची वाट बुजते.

गूगल दोन वर्षं न वापरलेलं खातं पुसू शकतं. लग्नापुरतं काढलेलं खातं नेमकं तसंच विसरलं जातं. दर दिवाळीला एकदा लॉगिन करायचं असं ठरवा.

मार्कंडेय (मंगळवार, ९:२०)

आणि मूळ १८.६ जीबीच्या दोन प्रती, साइट सोडून. एक पोर्टेबल हार्डडिस्कवर तुमच्याकडं, दुसरी वेगळ्या डिस्कवर दुसऱ्या गावात, गडहिंग्लजला किंवा पुण्याला. आलेला पेनड्राइव्ह ही तिसरी प्रत म्हणून धरू नका. पेनड्राइव्ह ने-आण करायला असतो, वर्षानुवर्षं कपाटात ठेवायला नाही. कॉपी झाल्यावर फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये फाइलींची संख्या आणि एकूण बाइट दोन्हीकडं जुळतात का बघा, आणि मधले पाच-दहा फोटो उघडून पाहा.

येळ्ळूरची_ताई (बुधवार, सकाळी ८:००)

ठरवलं असं : 'अक्षता' आणि 'घरातले' गूगल फोटोजवर नावानिशी, 'रिसेप्शन' लिंकनं, निवडक मूळ फाइली ड्राइव्हवर. १,८६० मधले सगळे न घालता ४०० च घालते. पाठवायच्या आधी कुलूप खरंच लागलंय का ते कसं तपासू?

घटप्रभा (बुधवार, ८:२५)

अक्का, ब्राउझरच्या पट्टीतला अल्बमचा पत्ता कॉपी करा. मग इनकॉग्निटो खिडकी उघडा, क्रोममध्ये तीन टिंबांत असते, तिथं कुठलंच खातं उघडं नसतं. पत्ता तिथं चिकटवा. लॉगिन मागितलं किंवा पान सापडत नाही म्हणालं तर कुलूप लागलंय. फोटो दिसले तर 'लिंक शेअरिंग' चालू राहिलंय, बंद करा आणि पुन्हा बघा.

मग एकाच माणसाला आमंत्रण पाठवा, बैलहोंगलच्या कन्नड फोनवाल्यालाच. त्याला अल्बम दिसला, फोटो मोठा करता आला, परत मागं येता आलं, की उरलेले एकोणचाळीस जोडा.

येळ्ळूरची_ताई (बुधवार, ८:४०)

इनकॉग्निटोत 'अक्षता' बंद दिसतोय. 'घरातले' मात्र उघडला, त्यात लिंक शेअरिंग चालू होतं. बंद करून पुन्हा बघितलं, आता लॉगिन मागतोय. वहिनींच्या भावाला पहिलं आमंत्रण पाठवलंय.